तिसऱ्या दिवशीचे फुप्फुस: सातपुड्यातला एक सिकलसेल रुग्ण आणि पेशीबाह्य पुटिका

रुग्ण २२ वर्षांचा, पावरा समाजातला, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर राहणारा. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आश्रमशाळेत असताना सोल्युबिलिटी चाचणीत तो सिकल पॉझिटिव्ह निघाला आणि पुढच्या तपासणीत ‘ग्रस्त’ ठरला. म्हणजे आई-वडील दोघेही वाहक, आणि दोघांकडूनही सिकलचे जनुक त्याच्याकडे आलेले. मधली काही वर्षे सिकलचा त्रास आटोक्यात ठेवणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांवर त्याचे बरे चालले होते. वर्षातून एखादे मोठे दुखणे, एरवी शेतातले सगळे काम तो करायचा. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन तो बायकोसह दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला गेला. जवळ गोळ्या होत्या महिनाभराच्या. त्या संपल्यावर तिथल्या दवाखान्यात मागायच्या तर सिकलसेलचे कार्ड घरीच राहिलेले, आणि एक दिवस खाडा म्हणजे जोडीची मजुरी बुडाली. गोळ्या सुटल्या त्या सुटल्याच.

जानेवारीत, पहाटेच्या थंडीत फडात काम करताना मांड्या आणि कंबर दुखू लागली. दोन रात्री त्याने झोपडीत शेकून काढल्या. तिसऱ्या दिवशी उभे राहवेना, तेव्हा थोरल्या भावाने त्याला सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीत बसवून नंदुरबारला आणले.

दाखल झाल्यावर

दोन्ही मांड्या, कंबर आणि बरगड्यांत तीव्र वेदना. नाडी १०४, ताप ९९.८, ऑक्सिजन ९६ टक्के, छाती स्वच्छ. प्लीहा बरगडीखाली तीन सेंटिमीटर लागत होती. हिमोग्लोबिन ७.९, जुन्या कागदावर ते ८.६ होते. पांढऱ्या पेशी १५,८००, प्लेटलेट ३.१ लाख, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारे द्रव्य) ९८०, बिलिरुबिन ३.९ आणि त्यातले बहुतेक इनडायरेक्ट. मलेरियाची रॅपिड चाचणी आणि काचपट्टी दोन्ही निगेटिव्ह. एकंदर चित्र सिकलच्या वेदनासंकटाचे, ज्याला आम्ही वॉर्डात नुसते क्रायसिस म्हणतो. शिरेतून बेताचे सलाइन, पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल, आणि ते पुरेना तेव्हा मॉर्फिनचे छोटे डोस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उठून बसला, भाकरी खाल्ली. वडील म्हणाले, “साहेब, उद्या सोडाल का? भाड्याची गाडी थांबवून ठेवली आहे.”

तिसऱ्या दिवशी पहाटे सिस्टरांना त्याचा श्वास बरोबर वाटला नाही. त्यांनी अहिराणीत विचारले, “भाऊ, दम लागस का?” त्याने नुसती मान हलवली. श्वास मिनिटाला ३०, ऑक्सिजन ८७, ताप १०१.४. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी बारीक आवाज. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंच्या खालच्या भागात पांढरट छाया, जी दाखल होतानाच्या एक्स-रेत नव्हती. हिमोग्लोबिन ६.४ वर उतरलेले, एलडीएच १,७४० वर चढलेले, आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे प्लेटलेट: दोन दिवसांत ३.१ लाखांवरून १.३ लाख.

हा अक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलसेलमध्ये अचानक उद्भवणारा फुप्फुसाचा गंभीर बिघाड. सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांना मरण येते त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. ऑक्सिजन लावला, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू केले, सिकल निगेटिव्ह रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या, रक्त पातळ ठेवण्यासाठी हेपॅरिनचा प्रतिबंधक डोस दिला, आणि दर दोन तासांनी त्याला बसवून दीर्घ श्वासाचा व्यायाम करून घेतला. रक्त देऊन ऑक्सिजन वर आला नसता तर एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजनसाठी, म्हणजे त्याचे रक्त काढून त्या जागी दुसरे भरण्यासाठी, धुळ्याला हलवायचे ठरले होते. रुग्णवाहिका सांगून ठेवली होती. ती वेळ आली नाही. दुसऱ्या पिशवीनंतर ऑक्सिजन ९३ झाला, आणि पुढच्या चार दिवसांत छाया विरत गेली. ब्लड कल्चरमध्ये काही वाढले नाही. थुंकीची सीबीनॅट क्षयासाठी निगेटिव्ह आली. ती करून घेतली, कारण आपल्या डोंगरपट्ट्यात छातीवर छाया दिसली की पहिला संशय क्षयाचाच येतो, आणि सिकलच्या किती तरी रुग्णांना या छायेपायी विनाकारण क्षयाची औषधे मिळालेली मी पाहिली आहेत.

प्रश्न

राउंडला आमच्या निवासी डॉक्टरने विचारले, “मॅडम, जंतू सापडला नाही, मलेरिया नाही. दुखणं तर हाडांत होतं, तेही उतरत होतं. मग तिसऱ्याच दिवशी फुप्फुस का?”

हा प्रश्न सगळ्या जगाने विचारलेला आहे. अमेरिकेत ५३८ रुग्णांमधल्या ६७१ चेस्ट सिंड्रोमचा जो मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास निम्मे रुग्ण मुळात दुसऱ्याच कारणासाठी, मुख्यतः दुखण्यासाठी, भरती झालेले होते. आमच्या रुग्णासारखेच. आणि बारकाईने शोधूनही नेमके कारण ३८ टक्के प्रसंगांतच हाती लागले. जिथे लागले तिथे ते संसर्ग किंवा हाडाच्या मगजातून सुटून फुप्फुसात गेलेली चरबी, यांपैकी असायचे. पाठ्यपुस्तकातले चित्र आपण सगळे शिकतो: ऑक्सिजन कमी झाला की सिकलच्या जनुकाने बनणाऱ्या हिमोग्लोबिन एसच्या साखळ्या होतात, पेशी विळ्याच्या आकाराची आणि ताठ होते, बारीक वाहिनीत अडकते. ते खरे आहे, पण या रुग्णाचा तिसरा दिवस त्याने समजत नाही. अडकलेली पेशी जिथे अडकली तिथे दुखवेल. ती दूरच्या फुप्फुसात गुठळ्या आणि दाह कसा पेटवेल? प्लेटलेट कुठे गेल्या?

या अंतरावरच्या घडामोडीचा एक चांगला धागा पेशीबाह्य पुटिकांकडे जातो. इंग्रजी वाचनात एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स म्हणून भेटतात त्या याच.

पुटिका म्हणजे काय

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पडद्याचे सूक्ष्म थेंब बाहेर टाकते. काही थेंब पेशीच्या आतल्या कोठीत तयार होऊन बाहेर सोडले जातात. ते साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे, त्यांना एक्सोसोम म्हणतात. काही पेशीच्या पृष्ठभागावरच फुगून तुटतात. ते मोठे, हजार नॅनोमीटरपर्यंतचे, त्यांना मायक्रोव्हेसिकल म्हणतात. लाल पेशीचा व्यास सात-आठ हजार नॅनोमीटर असतो हे लक्षात घेतले की यांच्या आकाराचा अंदाज येतो. आत प्रथिने, आरएनए, चरबीचे रेणू. बाहेरच्या पडद्यावर ज्या पेशीतून निघाले तिच्या खुणा.

हा सगळा अभ्यास मुळात रक्तातूनच सुरू झाला, याचे मला विशेष वाटते. १९४६ मध्ये अर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट यांना दिसले की प्लाझ्मा फार वेगाने फिरवून तळाशी जो साका बसतो, तो काढला की रक्त गोठायला वेळ लागतो. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी तो साका प्लेटलेटपासून सुटलेल्या कणांचा आहे हे दाखवले आणि त्याला प्लेटलेटची धूळ म्हटले. १९८३ मध्ये कॅनडात रोझ जॉनस्टोन यांचा गट आणि अमेरिकेत फिलिप स्टॉल यांचा गट कोवळ्या लाल पेशी परिपक्व होताना नको असलेली प्रथिने कशी टाकून देतात हे पाहत होता. तिथे एक्सोसोम सापडले. बरीच वर्षे ही पेशीची कचराकुंडी समजली गेली. १९९६ मध्ये बी लिम्फोसाइटच्या एक्सोसोममुळे प्रतिकारशक्तीच्या पेशी जाग्या होतात असे दिसले, आणि २००७ मध्ये स्वीडनच्या गटाने एका पेशीचा आरएनए एक्सोसोममधून दुसऱ्या पेशीत पोचतो हे दाखवले. तेव्हापासून कर्करोग, मेंदूचे आजार, क्षय, मलेरिया अशा जवळजवळ प्रत्येक आजारात त्यांचा शोध चालू आहे. २०१५ च्या एका गाजलेल्या कामात कर्करोगाच्या एक्सोसोमवरची इंटिग्रिन प्रथिने कोणती, यावरून गाठ फुप्फुसात पसरेल की यकृतात याची दिशा ठरते असे आढळले. तो विषय इथे लांबवत नाही, कारण आमच्या रुग्णाचा धागा लाल पेशीकडे जातो.

सिकलची पेशी काय टाकते

१९८२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले एक निरीक्षण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. ऑक्सिजन काढून घेतल्यावर सिकलची पेशी लांबते आणि तिला काट्यासारखी टोके फुटतात. ऑक्सिजन परत दिला की पेशी पुन्हा गोल होते, पण ती टोके मागे येत नाहीत. तुटून पुटिका होऊन रक्तात सुटतात. त्यांत पडद्याला आतून आधार देणारे स्पेक्ट्रिनचे जाळे नसते. साखळ्यांनी ढकललेला पडदा जाळ्यापासून सुटतो आणि तुटतो. ही पेशी फुप्फुसातून फिरून बाहेर आली की पुन्हा तेच. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवस, आणि या छोट्या आयुष्यात ती पुन्हा पुन्हा पडदा गमावत जाते.

पडदा तुटताना आणखी एक गोष्ट होते, आणि माझ्या मते या प्रकरणातली ती सगळ्यात महत्त्वाची. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाची चरबी पेशी नेहमी पडद्याच्या आतल्या बाजूला ठेवते. पेशीत कॅल्शियम शिरले की ही व्यवस्था मोडते आणि ती चरबी बाहेर येते. पुटिका सुटते ती ही चरबी अंगावर घेऊनच. तिचा भार ऋण. रक्त गोठवणारे घटक कॅल्शियमच्या मदतीने नेमके अशाच पृष्ठभागावर जमतात आणि तिथे गुठळी बांधणारे थ्रॉम्बिन फार वेगाने तयार होते. म्हणजे पुटिकांनी भरलेले रक्त म्हणजे गोठायला जागोजागी ओटे मिळालेले रक्त. हे नुसते प्रयोगशाळेतले अनुमान नाही, याचा पुरावा उलट बाजूने मिळतो. स्कॉट सिंड्रोम नावाचा अतिशय दुर्मीळ आजार १९७९ मध्ये वर्णन झाला. त्यात प्लेटलेटला ही चरबी बाहेर काढता येत नाही, पुटिकाही नीट सुटत नाहीत, आणि रुग्णाला रक्तस्राव होतो. २०१० मध्ये त्यामागचे टीएमईएम१६एफ हे प्रथिन सापडले. पुटिका आपल्याला हव्यातच. जखम झाल्यावर त्यांच्याविना रक्त थांबणार नाही. प्रश्न त्या किती आणि कुठे सुटतात याचा आहे.

सिकलमध्ये त्या अनेक ठिकाणांहून सुटतात. लाल पेशींच्या सर्वांत जास्त. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने सिकलच्या रक्तात रक्तवाहिनीच्या अस्तरातून आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमधून आलेल्या, अंगावर टिश्यू फॅक्टर असलेल्या पुटिका दाखवल्या. टिश्यू फॅक्टर म्हणजे गोठण्याची पहिली ठिणगी. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवले की लाल पेशींच्या पुटिका जितक्या जास्त, तितकी गोठण्याची प्रक्रिया जागी, आणि क्रायसिसमध्ये या पुटिका वाढतात. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या गटाने पुढची कडी जोडली: या पुटिका हिमोग्लोबिनमधला हीम हा लोहयुक्त भाग घेऊन अस्तराच्या पेशींना देतात. मोकळा हीम विषारी. अस्तर दुखावते, चिकट होते, आणि सिकलचा आजार असलेल्या उंदरांमध्ये यातून वाहिन्या तुंबल्याचे त्यांनी पाहिले.

आमच्या रुग्णाच्या फुप्फुसाशी सगळ्यात जवळचे काम २०२० चे, पिट्सबर्गमधले. सिकलमध्ये प्लेटलेट आपल्या पुटिका सोडतात, त्यांत आयएल-१ बीटा हे दाहाचे प्रथिन आणि ते सक्रिय करणारे कॅस्पेज-१ असते. या पुटिका न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना चिकटतात आणि फुप्फुसाच्या बारीक धमन्यांत गुच्छ होऊन अडकतात. इथे मला त्या पडलेल्या प्लेटलेट आठवल्या. चेस्ट सिंड्रोमच्या आधी किंवा सोबत प्लेटलेट घसरणे ही धोक्याची खूण आहे हे आम्हाला जुन्या अनुभवाने माहीत होते. त्या फुप्फुसात खर्ची पडत असाव्यात, आणि त्यांच्या पुटिका त्या खर्चाचा एक मार्ग असावा, हे आता जास्त समजते.

मग तिसरा दिवस. मांडीच्या हाडातला मगज ऑक्सिजनविना मरतो. वेदना पहिल्या दिवशी. पण मेलेल्या मगजातली चरबी आणि पेशींचे तुकडे शिरेच्या रक्तात यायला वेळ लागतो, आणि शिरेचे सगळे रक्त पहिल्यांदा फुप्फुसातूनच गाळले जाते. त्यात बरगड्या दुखत असल्याने त्याने दोन दिवस खोल श्वास घेतला नव्हता. फुप्फुसाचा तळ मिटला, तिथे ऑक्सिजन कमी पडला, तिथल्या पेशी पुन्हा विळ्याच्या झाल्या, पुन्हा पुटिका. म्हणून दीर्घ श्वासाचा व्यायाम मी औषधाच्या बरोबरीने लिहिते आणि सिस्टरांकडून करून घेते. तो कुणीही, कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात करवून घेऊ शकतो.

प्लीहेबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावी. पुटिका गाळून काढणे हे प्लीहा आणि यकृताचे काम. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत प्लीहा लहानपणीच सुकून जाते. आपल्या आदिवासी पट्ट्यात जनुकाचा अरब-भारतीय प्रकार असल्याने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन एफ जास्त टिकते आणि प्लीहा पुष्कळदा तरुणपणीही हाताला लागते. पण हाताला लागते म्हणून ती काम करते असे गृहीत धरता येत नाही.

मोजायच्या का?

निवासी डॉक्टर उत्साही. तिने सुचवले, रक्ताचा नमुना ठेवू, पुटिका मोजणाऱ्या मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवू. मी नको म्हणाले, आणि कारण सविस्तर सांगितले, कारण उद्या अशा चाचण्या विकायला कुणी तरी दारात येईलच.

रक्त नळीत घेतल्यावरही प्लेटलेट पुटिका सोडत राहतात. म्हणून नियम कडक: पहिली नळी बाजूला ठेवायची, सुई जाड, नळी उभी आणि न हलवता न्यायची, लवकरात लवकर दोनदा फिरवून प्लेटलेटविरहित प्लाझ्मा वेगळा करायचा, मगच गोठवायचा. आमच्या धडगाव, मोलगी, तोरणमाळकडून येणारा नमुना घाटरस्त्याने जीपमध्ये काही तास हिंदकळत येतो. त्यात जे मोजले जाईल ते घाटाचे मोजमाप असेल. शिवाय साध्या फ्लो सायटोमीटरला (पेशी मोजायच्या यंत्राला) तीनशे नॅनोमीटरच्या खालचे फारसे दिसत नाही, म्हणजे बहुतेक पुटिका नजरेतून सुटतात. आणि जेवणानंतरच्या रक्तातले चरबीचे कणही याच आकाराचे असतात. पुटिकांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४, २०१८ आणि पुन्हा २०२३ मध्ये मार्गदर्शक नियम काढले ते याच गोंधळासाठी. आणि आकडा बरोबर आलाच, तर त्यावरून त्या सकाळी मी काय बदलले असते? ऑक्सिजन, रक्त, व्यायाम तेच. प्लेटलेट आणि एलडीएच रोज करा, हे आमच्या प्रयोगशाळेत होते आणि त्यावरून निर्णय होतो.

भावाचा मोबाइल

छाती सुधारली तरी उजवा खुबा दुखत राहिला. धुळ्याला एमआरआय केला. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मेलेले, पण अजून खचलेले नव्हते.

तेव्हा थोरला भाऊ मोबाइल घेऊन आला. “मॅडम, हे बघा. एक्सोसोमचं इंजेक्शन. खुब्यात दिलं की नवीन हाड येतं म्हणतात. मी मुकादमाशी बोललो, पुढच्या दोन हंगामांची उचल द्यायला तयार आहे.”

एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याची ती जाहिरात होती. स्टेम सेलपासून काढलेले एक्सोसोम, आणि त्यांची किंमत त्या घराच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त. मला या माणसाचा आदर वाटला. भावासाठी तो दोन वर्षे गहाण टाकायला निघाला होता. म्हणून नुसते ‘नको’ म्हणून मी त्याला परत पाठवले नाही. खुर्ची दिली, आणि त्याच्याच कामातले सांगितले: “दादा, ऊस तोडून गाडीत जातो. पाचट फडातच राहतं. पुढे आग लागते ती उसाला की पाचटाला?” तो म्हणाला, “पाचटालाच.” “तुझ्या भावाच्या रक्तातली पेशी मोडते, पण तिचं पाचट रक्तात फिरत राहतं, आणि तेच छातीत पेटलं होतं. आता जे इंजेक्शन देणार आहेत, तेही पेशीनं टाकलेलंच आहे. ते त्याच्या रक्तात काय करेल हे कुणी तपासलेलं नाही.”

हे मी त्याला घाबरवण्यासाठी बोलले नाही. स्टेम सेलच्या पुटिकांच्या अंगावरही फॉस्फॅटिडिलसेरिन असते, काहींवर टिश्यू फॅक्टरही असते, आणि गोठण्याकडे आधीच झुकलेल्या रक्तात त्या सोडणे हा साधा प्रयोग नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एक्सोसोमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला. नेब्रास्का राज्यात ती घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. एफडीएने मंजूर केलेले एकही एक्सोसोम उत्पादन नाही. पुटिकांवरचे संशोधन मला मनापासून मोलाचे वाटते, त्यातून उद्या औषधेही येतील. पण जी गोष्ट अजून नीट मोजताही येत नाही, तिची बाटली भरून गरिबाच्या सांध्यात टोचणे आणि त्याला उपचार म्हणणे मला मान्य नाही.

खुब्यासाठी जे खरे आहे ते कमी आकर्षक आहे. सिकलमध्ये हाडाला छिद्र पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी यांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनंतर शस्त्रक्रियेसह फिजिओथेरपी घेणारे आणि नुसती फिजिओथेरपी घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. त्याला कुबडी दिली, व्यायाम शिकवले, आणि मोळ्या उचलून गाडी भरायचे काम बंद म्हणून लिहून दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेल हा मान्य दिव्यांग प्रकारांपैकी एक आहे. त्यानुसार प्रमाणपत्राचा अर्ज वॉर्डातूनच भरला, नाही तर तो कधीच भरला गेला नसता.

गोळी

पुटिकांचे सगळे शास्त्र शेवटी मला याच जुन्या गोळीपाशी आणते. हायड्रॉक्सीयुरिया हिमोग्लोबिन एफ वाढवते. एफ असले की एसच्या साखळ्या कमी होतात, टोके कमी फुटतात, पुटिका कमी सुटतात, आणि हे औषध घेणाऱ्यांच्या रक्तात लाल पेशींच्या पुटिका कमी असल्याचे पाहणीतही आढळले आहे. २९९ प्रौढ रुग्णांवरच्या १९९५ च्या चाचणीत वर्षाला क्रायसिसचा मध्यक औषधाविना दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ४.५, तर हे औषध घेणाऱ्यांत २.५ होता. चेस्ट सिंड्रोम झालेले ५१ विरुद्ध २५. फायदा इतका स्पष्ट की चाचणी वेळेआधी थांबवली. त्यानंतर नवी औषधे आली. त्यांतले व्होक्सेलोटर २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतले. ही गोळी टिकून आहे.

दुखणे नसतानाही ती घ्यायची का, हा रुग्णांचा नेहमीचा प्रश्न. मला पूर्वी त्याचे उत्तर हिमोग्लोबिनच्या टक्क्यांत द्यावे लागे आणि ते कुणाला पटत नसे. आता सांगता येते: दुखत नसते त्या दिवसांतही पेशी पडदा टाकत असते, अस्तर दुखावत असते, गोठण्याची तयारी चालू असते. गोळी त्या दिवसांसाठीच आहे. आमच्या या रुग्णाचा क्रायसिस फडात एका थंड पहाटे सुरू झालेला दिसला, पण माझ्या समजुतीने तो गोळ्या संपल्या त्या आठवड्यांत तयार होत होता.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सुरू झाले. आदिवासी भागातल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे लक्ष्य. तपासणी आमच्याकडे जोरात झाली आहे, कार्डे वाटली गेली आहेत. पण अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरमधली कुटुंबे दिवाळी ते उन्हाळा गुजरातेत असतात आणि गोळी इथल्या खिडकीवर मिळते. तपासणीत सापडलेला रुग्ण वर्षातले चार-पाच महिने औषधाविना राहत असेल, तर कार्डाने त्याचे फुप्फुस वाचणार नाही. स्थलांतरित रुग्णाला हंगामभराच्या गोळ्या एकदम द्याव्यात, आणि पांढऱ्या पेशी-प्लेटलेटची तपासणी तो जिथे काम करतो तिथल्या केंद्रात व्हावी, अशी व्यवस्था दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी मिळून लावली पाहिजे. हे मी तळमळीने लिहीत आहे, कारण यात नवे काही शोधायचे नाही.

सोडताना

हायड्रॉक्सीयुरिया किलोला १० मिलिग्रॅमने पुन्हा सुरू केले, फॉलिक अ‍ॅसिड दिले, न्यूमोकोकसची लस दिली. दोन आठवड्यांनी रक्ततपासणी, ती ठीक आल्यावर महिन्याने, मग दर दोन महिन्यांनी. कार्डाचा फोटो त्याच्या, बायकोच्या आणि भावाच्या अशा तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवून दिला. ताप, छातीत दुखणे किंवा दम यांपैकी काहीही आले तर झोपडीत शेकत बसायचे नाही, त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचे, हे बायकोकडून तिच्या शब्दांत परत म्हणवून घेतले. उचल फेडायची राहिली आहे. ती भाऊ आणि भावजय या हंगामात फेडणार आहेत. बायकोची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी) सामान्य आली, त्यामुळे त्यांची मुले वाहक होतील, ग्रस्त होणार नाहीत. सातवीतल्या धाकट्या बहिणीचा नमुना गेल्या सोमवारी पाठवला आहे.